दिसायला सारख्या दोन काळ्या कड्या आणि १३६ किलोहर्ट्झवरचा एक वॅट

लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या टोपलीतून आणलेल्या फेराइटच्या, म्हणजे तारेची गुंडाळी ज्याभोवती घेतात अशा भाजलेल्या चुंबकीय पदार्थाच्या, दोन काळ्या कड्या माझ्यासमोर टेबलावर आहेत. दोन्हींचा बाहेरचा व्यास ६१ मिलीमीटर आहे, जाडी सारखी आहे, वजनातला फरक हाताला कळत नाही, आणि एकीवरही रंग किंवा आकडा नाही. मल्टिमीटर ओहमवर लावून त्याच्या दोन्ही सळ्या पहिल्या कडीवर सेंटीमीटरभर अंतराने टेकवल्या, तर पडद्यावर काही दहा हजार ओहम उमटतात. दुसरीवर टेकवल्या, तर सळ्या जणू हवेतच धरल्या आहेत असे मीटर दाखवतो. पहिली कडी मँगनीज-जस्ताच्या जातीची आहे आणि दुसरी निकेल-जस्ताच्या. अतिशय कमी वारंवारतेवर हौशी रेडिओ प्रक्षेपणाची चाचणी घेऊ पाहणाऱ्या माणसासाठी या दोन कड्यांमधला फरक फार मोठा आहे, आणि तो का, हे समजले की या छंदातले निम्मे कोडे उलगडते.

उरलेले निम्मे कोडे असे आहे, की या पट्ट्यावर प्रक्षेपकातून दोन-तीनशे वॅट निघतात, अँटेनातून प्रत्यक्षात एका वॅटचाही काही अंशच आकाशात जातो, आणि तेवढ्यावर अटलांटिक महासागराच्या पलीकडे संदेश ऐकू गेले आहेत. सुरुवात तिथूनच करू.

लांब लहर म्हणजे किती लांब?

आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकू येते. म्हणजे तिची लहर सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वरखाली होते, आणि प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या अशा लहरीची एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतची लांबी सुमारे ३७९ मीटर भरते. वारंवारता जितकी कमी, तितकी ही तरंगलांबी जास्त. १३६ किलोहर्ट्झला ती जवळजवळ २२०० मीटर होते, म्हणून हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळीकडे ‘हॅम’ म्हणतात, या पट्ट्याला ‘बावीसशे मीटर’ असेच म्हणतात.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा जेमतेम २.१ किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा हौशी सेवेला दुय्यम वापरासाठी मिळाला. दुय्यम म्हणजे मूळ हक्कदाराला त्रास न देण्याच्या अटीवर. पाच वर्षांनी, २०१२ च्या परिषदेत, त्याला ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झची जोड मिळाली. १३६ वर प्रारित शक्तीची मर्यादा एक वॅट आहे, आणि ती प्रक्षेपकातून निघालेल्या शक्तीवर नसून अँटेनातून आकाशात गेलेल्या शक्तीवर आहे. हा भेद लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे.

रेडिओच्या बाल्यावस्थेत दूरचे संदेशवहन अशाच लांब लहरींवर चाले. स्वीडनमधल्या ग्रिमेटन येथे १९२० च्या दशकात उभारलेले केंद्र आजही शाबूत आहे, ते १७.२ किलोहर्ट्झवर चालते, त्याची लहर एका प्रचंड फिरत्या जनित्रातून निघते, आणि २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. ब्रिटिश साम्राज्यालाही अशाच महाकाय केंद्रांची साखळी हवी होती, पण मार्कोनीच्या कंपनीने आखूड लहरींचा झोत वापरून तेच काम कितीतरी स्वस्तात करून दाखवले आणि लांब लहरींचे दिवस भरले. त्या झोत-सेवेचे भारतातले प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. १९२७ मध्ये ती सुरू झाली. थोडक्यात, लांब लहरींना निवृत्त करण्याच्या कामात पुणे जिल्ह्याचाही हात होता. पाणबुड्यांशी बोलायला मात्र अजूनही याच लहरी लागतात, कारण त्या समुद्राच्या पाण्यात काही मीटर उतरतात; तमिळनाडूतले नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ केंद्र त्यासाठीच आहे.

तीनशे वॅट जातात कुठे?

चांगल्या उभ्या अँटेनाची उंची तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असावी असा संकेत आहे. बावीसशे मीटरसाठी ती साडेपाचशे मीटर होते. घराच्या आवारात पंधरा मीटरचा खांब उभा करणे हीच मोठी गोष्ट; म्हणजे अँटेना हवी त्याच्या तीन टक्क्यांहूनही लहान. तळ्यात लाट उठवायला परात हवी असताना चमच्याने पाणी ढवळावे, तसे हे आहे: हात भरपूर चालतो, दमतो, लाट मात्र जेमतेम उठते.

ही ‘जेमतेम’ आकड्यात मांडता येते. अँटेनात वाहणाऱ्या प्रवाहाला जणू एक रोध भेटतो आणि त्यात खर्च झालेली शक्ती आकाशात जाते, असे मानतात. त्याला प्रारण-रोध म्हणतात. पंधरा मीटरचा खांब आणि त्याच्या डोक्यावर ४५ मीटर आडवी तार, अशा अँटेनाची परिणामकारक उंची बारा मीटर धरली, तर १३६ किलोहर्ट्झला प्रारण-रोध सुमारे ०.०४७ ओहम येतो. त्याच वाटेवर जमिनीचा, आसपासच्या झाडांचा आणि भिंतींचा मिळून रोध सहज साठ ओहम असतो. प्रवाह दोघांतून एकच वाहतो, त्यामुळे शक्तीची वाटणीही याच प्रमाणात होते. दोन अँपिअर सोडले, तर जमीन २४० वॅट खाते आणि आकाशाला ०.१९ वॅट मिळतात. जमिनीवरच्या उभ्या अँटेनाच्या दिशिकतेमुळे, म्हणजे शक्ती सगळीकडे सारखी न पसरता काही दिशांना एकवटत असल्यामुळे, नियमाच्या मोजमापात त्याचे साधारण तिप्पट, म्हणजे ०.५६ वॅट धरले जातात. एवढा खटाटोप करूनही आपण परवानगीच्या मर्यादेच्या निम्म्यापाशीच पोहोचतो.

म्हणून या पट्ट्यावर ‘शक्ती वाढवा’ हा उपाय लवकर संपतो आणि ‘गळती कमी करा’ हाच उरतो. जमिनीत गाडलेल्या तारा वाढवणे, खांब झाडापासून दूर नेणे आणि गुंडाळ्यांमधला आणि कोअरमधला, म्हणजे वेढ्यांच्या पोटातल्या फेराइटसारख्या पदार्थातला, प्रत्येक वॅट वाचवणे हीच इथली खरी कामे.

वायरीची दोन बंडले आणि सात हजार व्होल्ट

आखूड अँटेना विजेच्या दृष्टीने एखाद्या लहानशा कपॅसिटरसारखी वागते. वरच्या मापाच्या अँटेनाची धारिता अंदाजे ३५० पिकोफॅरड असते, आणि १३६.५ किलोहर्ट्झला ती प्रवाहाला सुमारे ३३०० ओहमचा अडथळा करते. तो घालवायला तेवढाच, पण उलट स्वभावाचा अडथळा समोर ठेवावा लागतो. ते काम तळाशी बसवलेली लोडिंग कॉइल करते. लागणारे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइल किती अडवते त्याचे माप, ३.९ मिलीहेन्री. आणि ३३०० ओहमवर दोन अँपिअर म्हणजे अँटेनाच्या बुंध्याशी साडेसहा हजारांहून अधिक व्होल्ट, शिखराला नऊ हजारांच्या वर. अशा तारेला प्रक्षेपण चालू असताना हात लावणे म्हणजे खोल भाजून घेणे. कुंपण आणि पाटी दोन्ही आवश्यक.

ही कॉइल कशी दिसते ते सांगतो. तीस सेंटीमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या पिंपावर साठ सेंटीमीटर लांबीत १८० वेढे घेतले, की ३.९ मिलीहेन्री मिळतात. तार लागते सुमारे १७० मीटर. घराच्या वायरिंगची दीड चौरस मिलीमीटरची वायर नव्वद मीटरच्या बंडलात मिळते, तेव्हा दोन बंडलांत काम भागते आणि जोडणीला दहा मीटर उरतात. या पिंपाच्या आत काहीही नाही, नुसती हवा आहे. ‘आत फेराइट घातले असते तर एवढे मोठे पिंप कशाला लागले असते?’ हा प्रश्न इथे प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर कोअर म्हणजे काय हे पाहिल्यावरच पटेल.

कोअर नेमके काय करतो?

तारेच्या वेढ्यांतून प्रवाह गेला की आत चुंबकत्व निर्माण होते. वेढ्यांच्या पोटात योग्य पदार्थ ठेवला, तर तेवढ्याच प्रवाहात कितीतरी पट चुंबकत्व साठते. हवेच्या तुलनेत किती पट, तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची पारगम्यता. लोहचूर्ण दाबून केलेल्या लाल कडीची पारगम्यता १० असते, बाजारात ४३ क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या फेराइट-मिश्रणाची ८००, ७७ क्रमांकाच्याची २०००, तर ७५ क्रमांकाच्याची ५०००.

हे फुकट मिळत नाही. चुंबकत्वाची दिशा सेकंदाला १ लाख ३६ हजार वेळा उलटसुलट करायची, तर पदार्थाच्या कणांना दर वेळी वळवावे लागते. लोखंडी तार तोडण्यासाठी एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलो, की ती बोटाला चटका बसेल इतकी तापते. कोअरमध्येही असेच घडते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये या नुकसानीचा नियम मांडला, आणि त्यातली मुख्य गोष्ट आजही लागू आहे: चुंबकत्वाची दाटी दुप्पट झाली, तर उष्णता दुपटीहून बरीच जास्त वाढते. आजच्या पॉवर फेराइटमध्ये, म्हणजे शक्ती वाहण्यासाठी बनवलेल्या फेराइटमध्ये, ती साधारण पाच-सहा पट होते.

दुसरी गळती वीजवाहकतेमुळे होते. कोअर स्वतः धातू असेल तर बदलते चुंबकत्व त्याच्या अंगातच गोल फिरणारे प्रवाह निर्माण करते, त्यांना भोवरा-प्रवाह म्हणतात. पन्नास हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे रोखायला लोखंडाच्या पातळ पत्र्या वापरतात. वारंवारता वाढली की पत्रीही जाड पडते. म्हणून लोखंडाचे पीठ करून, प्रत्येक कणाला विद्युतरोधक लेप देऊन, ते दाबून कडी बनवतात. तिसरा मार्ग म्हणजे धातूच टाळणे. फेराइट ही एक तऱ्हेची कुंभारकामाची वस्तू आहे: लोखंड, मँगनीज, निकेल, जस्त यांच्या ऑक्साइडांची भुकटी दाबून भट्टीत भाजलेली. १९३० मध्ये टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी फेराइट शोधले, ते बाजारात आणण्यासाठी १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी निघाली, आणि पुढे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी मँगनीज-जस्त आणि निकेल-जस्त या दोन्ही जातींचा पाया घातला.

आता टेबलावरच्या कड्यांकडे परत येऊ. मँगनीज-जस्ताची जात थोडीशी वीजवाहक, पारगम्यतेने श्रीमंत आणि एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत कमी तापणारी. मल्टिमीटरला जो किलो-ओहममधला आकडा दिसला तो तिचा. निकेल-जस्ताची जात जवळजवळ पूर्ण रोधक, पारगम्यतेने बहुधा गरीब, पण कित्येक मेगाहर्ट्झवर शाबूत राहणारी. १३६ किलोहर्ट्झवर शक्ती वाहून न्यायची असेल, तर हात पहिल्या कडीकडे जायला हवा. (कडीवर रोगण असेल, तर ही परीक्षा घेण्याआधी दोन ठिपके खरवडून घ्यावेत; नाहीतर मीटर रोगणाचेच माप देतो.)

मग पारगम्यता जितकी जास्त, तितका कोअर चांगला ना?

हा समज सर्वत्र आहे, आणि तो निम्माच खरा आहे.

आधी खरा भाग. समजा, ५० ओहमच्या प्रक्षेपकातून २८५ वॅट घेऊन ते कडीवर गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून अँटेनाच्या सुमारे ७० ओहमला द्यायचे आहेत, साठ जमिनीचे आणि दहा-अकरा कॉइलचे. प्रक्षेपकाकडच्या गुंडाळीवर ११९ व्होल्ट येतील. तिला बारा वेढे दिले. ६१ मिलीमीटरच्या ७७ च्या (मँगनीज-जस्ताच्या) कडीवर या बारा वेढ्यांचे इंडक्टन्स सुमारे ३९० मायक्रोहेन्री होते आणि त्याचा अडथळा ३३० ओहमच्या वर जातो. पन्नासच्या मानाने हा इतका मोठा आहे की ट्रान्सफॉर्मर प्रक्षेपकाला जाणवतही नाही. ४३ च्या तेवढ्याच कडीवर अडथळा १३५ ओहमच्या आसपास राहतो, म्हणजे वेढे वाढवावे लागतात. आणि सात मेगाहर्ट्झवाल्यांच्या आवडत्या लाल लोहचूर्ण कडीवर, दोन इंची मापात, हेच बारा वेढे फक्त १.७ मायक्रोहेन्री देतात. अडथळा दीड ओहम, म्हणजे प्रक्षेपकाची दोन टोके जाड तारेने एकमेकांना जोडल्यासारखेच. आखूड लहरींवर जन्मभर काम केलेली माणसे बावीसशे मीटरवर पहिल्यांदा फसतात ती इथे.

आता खोटा भाग. कोअरमध्ये चुंबकत्व किती दाटते हे पारगम्यतेवर ठरत नाही. ते व्होल्ट, वेढे, कोअरचा छेद आणि वारंवारता यांवर ठरते. नळाखाली बादली धरल्याची कल्पना करा. विजेची दिशा उलटेपर्यंत नळ चालू राहतो, उलटली की बादली रिकामी होऊ लागते. सात मेगाहर्ट्झला नळ फक्त ०.०७ मायक्रोसेकंद चालू असतो, १३६ किलोहर्ट्झला ३.७ मायक्रोसेकंद. तोच दाब, तेच वेढे, तरी बादलीत पन्नासपट पाणी. ती काठोकाठ भरली की कोअर संपृक्त झाला असे म्हणतात; मग त्याची पारगम्यता कोसळते आणि प्रक्षेपकातले ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्यासारखा प्रवाह ओढू लागतात. वेढे वाढवणे किंवा जास्त छेदाचा कोअर घेणे म्हणजे बादली मोठी करणे.

आपल्या कडीचा छेद १.६ चौरस सेंटीमीटर. ११९ व्होल्टला, व्होल्टला ४.४४, वारंवारता, वेढे आणि छेद (चौरस मीटरमध्ये) यांच्या गुणाकाराने भागले, की बारा वेढ्यांना दाटी १०० मिलीटेस्ला येते. पॉवर फेराइट थंड असताना ४९० आणि शंभर अंशाला ३९० मिलीटेस्लाच्या आसपास संपृक्त होतो, म्हणजे त्या बाजूने भीती नाही. पण भीती दुसऱ्या बाजूने आहे. एन-८७ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉवर फेराइटच्या माहितीपत्रकानुसार १०० किलोहर्ट्झ, २०० मिलीटेस्ला आणि १०० अंश सेल्सिअसला दर घन सेंटीमीटरमागे ३७५ मिलीवॅट उष्णता होते. अशी एक कडी सुमारे २३ घन सेंटीमीटरची असते. सहा वेढ्यांत भागवून दाटी २०० वर नेली, तर आठ-नऊ वॅट नुसते कडी तापवण्यात जातील, आणि १३६ ला त्याहूनही जास्त. बारा वेढ्यांना ते दोन-तीन वॅटवर येते. म्हणजे कमी वारंवारतेच्या शक्तिशाली ट्रान्सफॉर्मरमध्ये संपृक्तता ही दूरची भिंत आहे. आधी आडवी येते ती उष्णता.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न याहून वाईट होता. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळ्या अंगाची, पांढऱ्या कडेची कडी हाताशी होती, तिची पारगम्यता ७५ आहे असे वाचले होते, आणि हिशेबाने चाळीस वेढ्यांत इंडक्टन्सही पुरेसे होत होते. दीड मिनिटात वायरीच्या वार्निशचा वास सुटला. ते मिश्रण सरळ प्रवाह गुळगुळीत करण्यासाठी बनवलेले असते. तिथे चुंबकत्व एका पातळीवर स्थिर राहून जरासेच हलते, त्यामुळे त्याचे तापणे कोणाच्या लक्षात येत नाही. शून्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण हेलकावे द्यायचे असतील, तर ती कडी म्हणजे शेगडीच.

लोडिंग कॉइल फेराइटवर का गुंडाळू नये?

आता पिंपाचा प्रश्न. ७७ च्या त्याच कडीवर ३.९ मिलीहेन्री मिळवायला अडतीस वेढे पुरतात. मुठीत मावेल अशी कॉइल. पण तिच्यातून दोन अँपिअर वाहू लागले, तर शिखराला लागणारी चुंबकत्वाची दाटी सुमारे १.८ टेस्ला निघते, आणि कडीची क्षमता अर्ध्या टेस्लाच्या आतच संपते. शिवाय साडेसहा हजार व्होल्ट अडतीस वेढ्यांत वाटले, की दोन लगतच्या वेढ्यांमध्ये पावणेदोनशे व्होल्ट. पिंपावर हाच दाब १८० वेढ्यांत वाटला जातो आणि वेढ्यामागे सदतीसच व्होल्ट येतात. लाल लोहचूर्णाच्या दोन इंची कडीवर संपृक्तता होणार नाही, पण वेढे लागतील पावणेसहाशेच्या आसपास. ते कडीच्या सव्वा इंची भोकात बसवायचे तर तार केसासारखी घ्यावी लागेल आणि तिचाच रोध अँटेनाचे उरलेसुरले खाऊन टाकेल.

ट्रान्सफॉर्मर आणि लोडिंग कॉइल यांतला भेद इथेच आहे. ट्रान्सफॉर्मरला शक्ती एका गुंडाळीतून दुसरीत पोहोचवायची असते, साठवायची नसते; लोडिंग कॉइलला प्रत्येक हेलकाव्यात भरपूर ऊर्जा साठवून परत द्यायची असते. साठवण्याच्या कामात हवा कधी संपृक्त होत नाही आणि तापतही नाही. याचा पुरावा हमरस्त्यावरून दिसतो. महापारेषणच्या एखाद्या २२० केव्ही उपकेंद्राजवळून जाताना तारांच्या वाटेत टांगलेले किंवा खांबावर बसवलेले मोठ्या ढोलासारखे पोकळ पिंजरे पाहिले असतील. त्यांना वेव्ह ट्रॅप म्हणतात. वीजवाहिनीच्या तारांवरूनच काही दहा ते काही शंभर किलोहर्ट्झवर उपकेंद्रांचे आपसातले संदेश जातात, ते संदेश वाट सोडून उपकेंद्रात शिरू नयेत म्हणून ही कॉइल असते. इंडक्टन्स बहुधा अर्धा किंवा एक मिलीहेन्री, म्हणजे आपल्या पिंपाच्याच घराण्यातले. आणि आत कोअर नाही, कारण वाहिनीचे शेकडो अँपिअर कोणताही कोअर क्षणात संपृक्त करतील.

याच वेव्ह ट्रॅपमुळे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वीजवाहिनीवरचे संदेश आणि हौशी पट्टा एकाच वारंवारतेच्या शेजारात राहतात. अमेरिकेत २०१७ मध्ये हे पट्टे खुले करताना, असे संदेश वाहणाऱ्या वाहिनीपासून एक किलोमीटरच्या आत हौशी केंद्र नको, अशी अट घातली गेली ती म्हणूनच.

जिथे तापणारा कोअरच हवा असतो

घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे नेमके याच वारंवारतांच्या आसपास गोंगाट करतात, आणि तो ग्राहकयंत्राकडे येतो बऱ्याचदा अँटेनाच्या केबलच्या बाह्य आवरणावरून. तो अडवायला केबलचे आठ-दहा वेढे एका कडीतून घेतात. इथे कडीतून शक्ती वाहायची नसून नको असलेला क्षीण प्रवाह गिळायचा असतो, त्यामुळे भरपूर पारगम्यतेचे, नुकसानकारक म्हणून ट्रान्सफॉर्मरमधून बाद केलेले मिश्रणही चालते, किंबहुना तेच जास्त उपयोगी पडते. ७५ किंवा ३१ क्रमांकाच्या कड्या इथे शोभतात. निव्वळ ‘चांगला कोअर’ कोणता, असे दुकानात विचारणाऱ्याला म्हणूनच नीट उत्तर मिळत नाही; तो कुठे बसणार हे सांगितल्याशिवाय कोणी ते देऊही शकत नाही.

एवढे करून ऐकणार कोण?

मोबाईल असताना हा उपद्व्याप कशासाठी, असा आक्षेप येतो. संदेश पोहोचवणे हा हेतू असेल, तर आक्षेप बरोबरच आहे. इथला हेतू लहर कशी जाते ते मोजणे हा आहे. दिवसा ती जमिनीला धरून जाते, रात्री आयनांबराच्या (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाच्या) खालच्या थरातले शोषण कमी झाले की दूरवर पोहोचते, आणि पावसाळ्यात विजांच्या कडकडाटात बुडून जाते. उष्ण कटिबंधातल्या माणसाला हा गोंगाट युरोपातल्या माणसापेक्षा जास्त सोसावा लागतो. आपल्याकडे या पट्ट्याचा हंगाम म्हणजे कोरड्या हवेच्या हिवाळी रात्री.

क्षीण संदेश गोंगाटातून काढण्याची युक्ती जुनी आहे: सावकाश बोलणे. मोर्सचा एक ठिपका तीन सेकंद, कधी साठ सेकंद लांबवायचा आणि तो कानाने न ऐकता संगणकाच्या पडद्यावर रेघ म्हणून पाहायचा. २००८ मध्ये जो टेलर यांनी याच तत्त्वावर ‘व्हिस्पर’ नावाची पद्धत हौशी जगाला दिली. तिच्यात केंद्राचे नाव, ठिकाण आणि शक्ती एवढेच पन्नास बिटांत बांधून जवळजवळ दोन मिनिटे, अवघ्या सहा हर्ट्झ रुंदीत पाठवतात, आणि जगभरातले संगणक आपोआप नोंद करतात. टेलर यांना १९९३ चे भौतिकीचे नोबेल जोड-पल्सारच्या, म्हणजे जोडीने फिरणाऱ्या आणि नियमित रेडिओ स्पंदने देणाऱ्या ताऱ्याच्या, शोधासाठी मिळाले होते. गोंगाटात लपलेला अतिक्षीण, पण नियमित संकेत शोधणे हे त्यांचे रोजचेच काम. नारायणगावजवळ खोडदच्या मोठ्या दुर्बिणीत जे लोक पल्सार शोधतात, त्यांना ही युक्ती परकी वाटणार नाही.

एक सूचना इथेच. ऐकायला अडचण नाही, पण प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा हौशी परवाना लागतो, आणि त्या परवान्यात कोणते पट्टे व किती शक्ती लिहिली आहे ते वाचल्याशिवाय पिंपाला वायर जोडू नये.

अँटेना न लावता घ्यायची चाचणी

‘अँटेनाच नाही, तर चाचणी कसली?’ असे वाटते. पण कोअरची खरी परीक्षा अँटेनाशिवायच होते, आणि तिला आकाशात काही सोडावे लागत नाही. अनोळखी कडीवर आधी मल्टिमीटरची परीक्षा घ्यावी. मग नेमके दहा वेढे घेऊन इंडक्टन्स मोजावे आणि शंभराने भागावे. तो आकडा त्या कडीचा कायमचा ओळखक्रमांक ठरतो, कारण पुढे कितीही वेढ्यांसाठी तो वेढ्यांच्या वर्गाने गुणला की पुरे. वरच्या ६१ मिलीमीटरच्या ७७ कडीवर तो २.७ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतो. एक-सव्वा आला तर कडी ४३ सारख्या मिश्रणाची आहे असे समजावे.

त्यानंतर दुय्यम (अँटेनाकडची) गुंडाळी मोकळी ठेवून प्राथमिकला (प्रक्षेपकाकडच्या गुंडाळीला) पूर्ण व्होल्ट द्यावेत आणि प्रक्षेपक पुरवठ्यातून एकूण किती वॅट ओढतो ते पाहावे. बाहेर काहीच जात नाही, त्यामुळे कडी काढल्यावर आणि लावल्यावर जो फरक दिसेल तो जवळजवळ सगळा कोअरच्या उष्णतेचा. हा आकडा पाच वॅटच्या वर गेला, तर पुढे जाऊ नये, वेढे वाढवावेत. मगच ट्रान्सफॉर्मरला योग्य ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती पचवणारा पंख्याखालचा रोध, जोडून पूर्ण शक्ती द्यावी.

किती वेळ द्यावी, यात बहुतेक जण चुकतात. दहा सेकंदांत काहीच कळत नाही. व्हिस्परचा एक डाव दोन मिनिटांचा असतो, आणि कमी वारंवारतेसाठी टेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेल्या पद्धतींत एकच संदेश तीस मिनिटे चालतो. पॉवर फेराइटचा स्वभाव विचित्र आहे: खोलीच्या तापमानापासून साधारण नव्वद-शंभर अंशांपर्यंत त्याचे नुकसान कमी होत जाते आणि त्यापुढे वाढू लागते, म्हणजे तापला की आणखी तापतो. ४३ क्रमांकाच्या मिश्रणात तर १३० अंशांच्या थोडे वर गेले, की चुंबकत्वच नाहीसे होते. म्हणून चाचणी अर्धा तास चालू ठेवावी, इन्फ्रारेड तापमापक कडीच्या आतल्या कडेवर धरून दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहावा, आणि अँटेनाची तार जोडायची की नाही ते शेवटच्या तीन आकड्यांवरून ठरवावे: ते साठ-सत्तर अंशांवर स्थिरावले असतील तर जोडावी, अजून चढत असतील तर कडी थंड होऊ द्यावी, दोन वेढे वाढवावेत आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणावे.